डाव्या हाताचा चमचा

मी चमचा बोलतोय, आणि आधीच सांगून ठेवतो, रागानं बोलतोय. गोड बोलणारे चमचे तुम्हाला साहेबलोकांच्या आजूबाजूला हवे तितके भेटतील. मी त्यांच्यातला नाही. मी जेवणाचा चमचा आहे. माझी मान वाकडी आहे, दांडा मक्याच्या कणसाएवढा जाड आहे आणि त्यावर काळ्या रबराची खोळ आहे. मला पाहिलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "हा असा काऊन आहे?" आणि उत्तर ऐकायच्या आत निघून जातात. आज मी उत्तर दिल्याशिवाय सोडणार नाही.

मी असा आहे, कारण मला मुद्दाम असं घडवलं. ज्यांची बोटं मिटत नाहीत, ज्यांचा हात थरथरतो, ज्यांचं अर्धं अंग लकव्यानं गेलं, अशा माणसांसाठी दूरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. दांडा जाड, म्हणजे अर्धवट मिटलेल्या मुठीतही तो बसतो. मान नरम धातूची, म्हणजे हातानं वाकवता येते. ज्याचा जो हात चालतो, त्या हातासाठी मला वळवायचं. मग माझी ओंजळ, म्हणजे घास बसतो तो खोलगट भाग, आपोआप त्या माणसाच्या तोंडाकडे येते. मनगट फिरवावं लागत नाही. इतकं साधं काम आहे माझं.

माझ्याबरोबर एकाच खोक्यात माझी भावंडं होती. दोन कानांचा, झाकणाचा एक पेला होता. एका बाजूला उंच काठ असलेली ताटली होती, म्हणजे घास त्या काठाला टेकवून उचलता येतो. ताट सरकू नये म्हणून खाली घालायची रबराची चटई होती. आणि आणखी एक पेला होता, त्याच्या कडेला चंद्रकोरीसारखा काप. ज्याला मान मागे टाकता येत नाही, त्याचं नाक त्या कापात बसतं आणि मान न उचलता चहा पिता येतो. माझ्या सगळ्या भावंडांत हुशार तो.

आम्हाला गोंदियाच्या एका व्यापारी कुटुंबानं आईच्या स्मरणार्थ घेतलं आणि तिरोड्याच्या रस्त्यावरच्या एका वृद्धाश्रमाला भेट दिलं. आश्रमाचं नाव मी सांगणार नाही, उगाच तोंड कडू होतं. नारळ फुटला, हार झाले, मोबाइलवर फोटो निघाले. त्या दिवशी मी कितीतरी हातांतून फिरलो, पण त्यात एकही हात म्हाताऱ्या माणसाचा नव्हता.

पाहुणे गेले आणि व्यवस्थापक छोटेलालजींनी खोकं टेबलावर उलटं केलं. कापाचा पेला हातात घेऊन ते ओरडले, "अरे, ये तो टूटा हुआ माल भेज दिया! और ये चम्मच देखो, पैकिंग में ही मुड़ गया." मग त्यांनी मला टेबलाच्या कडेवर दाबून सरळ केलं. वर म्हणाले, "अब ठीक है." माझा हा पहिला उपचार.

त्यानंतरची कथा ऐका आणि तुम्हीच सांगा, तळपायाची आग मस्तकात जाईल की नाही. कापाच्या पेल्यात पेन ठेवले. चटई पाण्याच्या माठाखाली गेली. उंच काठाच्या ताटलीत ऑफिसातल्या देवापुढची अगरबत्तीची राख पडू लागली, काठ उंच म्हणून राख सांडत नाही, असं कौतुकही झालं. मी आणि दोन कानांचा पेला काचेच्या कपाटात, कुलपात, सत्काराच्या ढालींशेजारी. वर पाटी लावली, 'दानदात्यांकडून सप्रेम भेट'.

कपाट जेवणाच्या खोलीत होतं. म्हणजे भुकेल्याला ताटासमोर बांधून ठेवावं, तसा मी. रोज दोन्ही वेळा मला समोर सगळं दिसायचं.

प्रेमिला नावाची बाई तिथं आजारी म्हाताऱ्यांना भरवायची. बाई वाईट नव्हती, हे मी रागातही कबूल करतो. पण ती एकटी आणि तोंडं रांगेनं. भात, वरण, भाजी, कधी गोडाचा तुकडासुद्धा, सगळं एका वाटीत कालवायची आणि याच्या तोंडात एक, तिच्या तोंडात एक असं करत जायची. "आ करा, आ. गिळा लवकर. मले भांडे घासाचे आहेत." कोणी मान फिरवली की ताट उचललं. मान फिरवणं म्हणजे पोट भरणं, असा तिथला कायदा होता. ज्याला घास गिळायला वेळ लागायचा, त्याचं पोट रोज लवकर भरायचं.

त्या रांगेत उन्हाळ्यात एक नवी म्हातारी आली. रुख्माबाई. अर्जुनी मोरगावजवळच्या खेड्यातली, घरची धानाची शेती. लकव्यानं उजवं अंग गेलेलं. जीभ थोडी जड झालेली, पण डोकं लख्ख. प्रेमिलानं पहिला घास पुढे केला आणि रुख्माबाईनं तोंड मिटलं.

"आ करा ना आजी."

"हे काय आहे?"

"जेवन आहे."

"हे जेवन नाही, हे आंबोन आहे. आमी म्हशीले देतो."

सगळे हसले. छोटेलालजी म्हणाले, "बुढ़िया नखरेवाली है." मी काचेमागे दात नसताना दात खाल्ले. जी बाई आयुष्यभर पाटावर बसून भात एकीकडे, भाजी एकीकडे, वरणाचं आळं करून जेवली, तिनं आता राडा गिळायचा आणि गिळला नाही तर तो नखरा. रुख्माबाई दिवसेंदिवस अर्ध्या पोटी उठू लागली. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या.

तिचा मुलगा टेकचंद अधूनमधून यायचा. अर्जुनीला त्याचं खताचं दुकान. नवा शर्ट, हातात केळ्यांची पिशवी. एकदा कपाटासमोरच्या खुर्चीवर बसून तो तिला म्हणाला, "माय, तू आपल्या हातानं जेवाले लाग. मंग मंडईले तुले घरी नेतो. जमलं तं घरीच राह."

"खरं बोलून राहिला ना?"

"खरं माय. पन तुले भरवाले घरी कोन बसन, सांग? मी दुकानात, तुही सून वावरात. जेवाचं तेवढं जमव."

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. दुकानं लागतात, दंडारीचा नाच-खेळ होतो, नाटक होतं, घरोघरी पाहुणे उतरतात आणि सोयरिकीची बोलणीही त्याच पाहुण्यांत होतात. मंडईला घरचं माणूस घरी नसणं म्हणजे काय, ते त्या मातीतल्या माणसालाच कळेल. टेकचंद गेला. रुख्माबाई मांडीवर पडलेल्या उजव्या हाताकडे कितीतरी वेळ पाहत राहिली. मग डाव्या हातानं तिनं त्याची बोटं एकेक करून मिटवली. सोडली की ती पुन्हा उघडायची.

मी तिथंच होतो. हातभर अंतरावर. मध्ये फक्त एक काच आणि छोटेलालजींची किल्ली होती.

पावसाळ्यात नूतन नावाची फिजिओथेरपिस्ट गोंदियाहून येऊ लागली. कधी यायची, कधी विसरायची, आली तरी निम्मा वेळ फोनवर. पण तिचं एक बरं होतं, तिनं कपाटात डोकावून पाहिलं.

"हे कुलपात काऊन ठेवलंय?"

"मैडम, वो डोनेशन का सामान है. इस्तेमाल करेंगे तो खराब हो जायेगा."

ऐकलंत? जेवलो तर मी खराब होणार होतो. माणसं उपाशी राहिली तर ती खराब होत नव्हती.

नूतननं त्यांच्याशी वाद घातला, किल्ली काढायला लावली. मला हातात घेतलं, रुख्माबाईच्या डाव्या मुठीत धरून पाहिलं आणि अंगठ्यानं दाबून माझी मान तिच्या तोंडाच्या दिशेनं वळवली. छोटेलालजींनी सरळ केलेला मी पुन्हा माझ्यासारखा झालो. मला इतका आनंद कधी झाला नव्हता. आणि रुख्माबाईनं मला तिथल्या तिथं टाकून दिलं.

"डाव्या हातानं? छी! बाई, त्या हातानं माणूस काय काय करते, तुमाले मालूम नाही का?"

"साबण आहे ना, आजी?"

"साबनानं हात धुतला जाते. डावा हात उजवा होत नाही."

मी जमिनीवर पडलो होतो आणि मला तिचाही राग आला. खोटं कशाला बोलू? उपाशी राहून राहून ती अर्धी झाली होती आणि मी मिळालो तर मला ढकलून देत होती. पण तिच्या बाजूनं पाहिलं तर दोष तिचा एकटीचा नव्हता. लहानपणी डाव्या हातानं लाडू उचलला की ज्या हातावर चापट बसली, तोच हात आता पुढे करायचा होता.

नूतननं मला उचललं, धुतलं आणि म्हणाली, "आजी, उजवा हात आता जेवणार नाही. मी तुम्हाला खोटी आशा नाही दाखवत. एकतर हा हात, नाहीतर प्रेमिलाताईंचा."

संध्याकाळी ताट आलं तेव्हा रुख्माबाईनं पदर पुढे ओढला, भिंतीकडे तोंड केलं आणि मला धरलं.

पहिल्या दिवसांत भात तोंडापेक्षा मांडीवर जास्त गेला. वरण हनुवटीवरून गळ्यात. दोनदा तिनं मला आदळलं, एकदा शिवीही दिली. मी राग मानला नाही, ती शिवी मला नव्हतीच. हळूहळू मूठ बसली. माठाखालची चटई नूतननं ओढून काढली होती, ती ताटाखाली आली. ताट जागचं हलेनासं झालं. एका दुपारी रुख्माबाईनं भाताला न लावता नुसतं वांगं उचललं, तोंडात ठेवलं, डोळे मिटून चावलं आणि म्हणाली, "आज वांगं वांग्यासारखं लागलं." त्या एका वाक्यासाठी मी कारखान्यातून निघालो होतो.

पण लोकांना सुख बघवतं थोडंच. बकाराम नावाचा एक म्हातारा तिच्या शेजारी बसायचा. त्याची मान आखडलेली, चहा प्यायला गेला की अर्धा बनियनवर. त्यानं एक दिवस ताट सरकवलं. "डाव्या हातानं जेवनाऱ्याजवळ मी बसत नाही." दुसऱ्या एकीनंही नाक मुरडलं. लगेच छोटेलालजी आले, "माताजी, आप उधर बरामदे में बैठिए. बाक़ी लोगों को अच्छा नहीं लगता."

म्हणजे जोवर ती दुसऱ्याच्या हातून राडा गिळत होती, तोवर पंगतीत होती. स्वतःच्या हातानं जेवू लागली तर पंगतीबाहेर. आणि हा बकाराम! ज्याच्यासाठी जन्माला आलेला पेला बाजूच्या खोलीत पेन सांभाळत होता, तो पंगतीचे नियम शिकवत होता. मला हात असते तर मी तिथंच काहीतरी फेकून मारलं असतं.

रुख्माबाई व्हरांड्यात जेवू लागली. तिला वेळ लागायचा. भांडी गोळा करत प्रेमिला यायची आणि ताटाला हात घालायची, "झालं का आजी?" रुख्माबाई डाव्या हातानं उजवा हात उचलून ताटावर टाकायची. तो मेलेला हात, पण वजन होतं त्याला. "मी जेवून राहिली. ठेव." रोजची ओढाताण. रोज ताट जिंकायची ती. गालावर थोडं मांस आलं, बांगड्या खाली मनगटाशी आल्या.

दिवाळीनंतर टेकचंद गाडी घेऊन आला. रुख्माबाईनं त्याला मुद्दाम जेवणाच्या वेळेला बसवून ठेवलं. मला धरलं आणि एक घास, दुसरा घास, न सांडता, त्याच्याकडे पाहत खाल्ला. शाळेत पाठ म्हणून दाखवणाऱ्या पोरीसारखा तिचा चेहरा झाला होता.

टेकचंदचा चेहरा मात्र उतरला. "माय, उजव्या हातानं नाही होत का?"

"नाही होत. पन जेवतो ना मी?" तिकडच्या बाया स्वतःबद्दल असंच बोलतात.

त्यानं शब्द दिला होता, लोकांसमोर दिला होता. मला प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि आम्ही निघालो. गाडीत रुख्माबाई सारखी बाहेर पाहत होती. कुठं धान कापून झालं, कुठं अजून उभं आहे, कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी राहिलं, सगळं बोलत होती. टेकचंद फक्त हूं म्हणत होता.

घरी तिची नात डिंपल दारातच येऊन बिलगली. घर सारवलेलं, पाहुण्यांची लगबग. डिंपललाच पाहायला तिरोड्याकडचे लोक मंडईच्या दिवशी येणार होते. दोन दिवस रुख्माबाई स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात माझ्यासोबत जेवली आणि घरच्यांनी काही म्हटलं नाही. घरच्यांसमोर चालत होतं. मला वाटलं, जमलं बुवा. आता ही इथंच राहणार.

मंडईच्या दिवशी पाहुणे पोचले. मुलाचे आईवडील, मामा, मुलगा. पंगत मांडली. टेकचंदनं रुख्माबाईसाठी पुढच्या खोलीत खुर्ची आणि टेबल ठेवलं, पाहुण्यांना म्हातारी दिसली पाहिजे. वृद्धाश्रमात ठेवली हे कुणाला सांगितलंच नव्हतं. मग तो स्वयंपाकघरात आला, मला उचललं आणि एकदम माझी मान धरून उलटी वळवली. डाव्या हाताची मान उजव्या हाताची केली. माझ्या मानेत काहीतरी कुरकुरलं.

त्यानं काय ठरवलं होतं, ते पुढे पाहा. आईच्या उजव्या मुठीत त्यानं मला बसवलं, तिच्या बोटांवर स्वतःचा हात ठेवला आणि तो हात उचलून घास तिच्या तोंडाकडे नेला. हात तिचा, जोर त्याचा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारी उजव्या हातानंच जेवते आहे आणि मुलगा नुसता आधार देतो आहे.

"काय सेवा करते जी पोरगा," मामा म्हणाले. "असा पोरगा नशिबानं भेटते."

टेकचंदनं मान खाली घातली. लाजून. नम्रपणे. अरे वा! भरवायला घरी माणूस नाही म्हणून जिला घरातून काढलं, तिला आता चार लोकांसमोर भरवायला माणूस होतं. कौतुक ऐकायला वेळ होता. मी त्या मुठीत होतो आणि मला इतकी घाण वाटली की गंज चढावा असं वाटलं. माझ्यातला घास रुख्माबाईच्या ओठांपाशी आला आणि तिनं तोंड मिटलं.

"खा ना माय," तो दातातल्या दातात म्हणाला.

तिनं त्याचा हात बाजूला केला. डाव्या हातानं मला उजव्या मुठीतून ओढून घेतलं आणि स्वतःच घास उचलायला गेली. पण माझी मान उलटी होती. डाव्या हातात मी बाहेर, खांद्याकडे पाहत होतो. भात टेबलावर सांडला. पुन्हा उचलला, पुन्हा सांडला. खोलीतले सगळे जेवायचं थांबले. मला ओरडून सांगायचं होतं, माझा दोष नाही, मला वाकवलंय! पण तिला ते माहीत होतं.

तिनं मला टेबलावर आडवं ठेवलं. डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला आणि माझ्या दांड्यावर टाकला, ताटावर टाकायची तसा. वरून छाती टेकवून भार दिला. मग डाव्या हातानं माझी मान धरली आणि दाबली. तिचा श्वास चढला, कपाळावर घाम आला. डिंपल उठून मदतीला धावली तर ती म्हणाली, "थांब, पोरी." मी वळलो. हळू वळलो, पण वळलो. नूतननं वळवलं होतं तितकाच. लकवा झाल्यापासून त्या उजव्या हातानं केलेलं मोठं काम ते. मला दाबून धरण्याचं.

मग तिनं भाताचं आळं केलं, वरण मधोमध घेतलं आणि पहिला घास खाल्ला. डाव्या हातानं. सगळ्यांसमोर.

"माय, त्या हातानं नोको," टेकचंद कुजबुजला. "पाहुने पाहून राहिले."

"काऊन नोको?" ती मोठ्यानं म्हणाली. "रोवन्यात धानाची पेंडी याच हातात राहे. कापनीत मूठ यानंच धरली, उजव्यानं तं नुसता विळा चालवला. तवा चालला हा हात. तुह्या घरात आलेला समदा धान याच हातातून आला, टेकचंद. आता तोच भात यानं माह्या तोंडात नेला, तं तुले लाज येते?"

डिंपलनं आपलं ताट उचललं आणि आजीच्या खुर्चीजवळ येऊन जेवायला बसली. पाहुणे जेवले, सुपारी खाल्ली, "कळवतो" म्हणाले आणि मंडई पाहायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी आश्रमाकडे निघाली. गाडीत टेकचंद एवढंच म्हणाला, "थोडा वेळ दम धरला असता तं काय बिघडलं असतं, माय?" रुख्माबाईनं या वेळी बांधीतल्या धानाकडे पाहिलंही नाही. मी पिशवीत तिच्या मांडीवर होतो आणि ती मला पिशवीवरूनच घट्ट धरून होती.

आश्रमात आल्यावर ती व्हरांड्यात गेली नाही. आपलं ताट घेऊन सरळ पंगतीत, बकारामच्या शेजारी जाऊन बसली. छोटेलालजी पुढे झाले तर म्हणाली, "घरातून उठवलं मले. आता येथून उठत नाही. तुमाले उचलाचं असन तं खुर्चीसकट उचला." ते उचलणार कसले? पुटपुटत गेले. मग तिनं प्रेमिलाला सांगून, नूतननं कधीतरी सांगितलेला ऑफिसातला कापाचा पेला मागवला, त्यातले पेन तिथल्या तिथं टेबलावर ओतले आणि चहा भरून बकारामपुढे सरकवला. "नाक त्या खाचेत घाल आन् पी." बकाराम पहिल्यांदा वसकला. मग प्यायला. बनियन कोरडं राहिलं. आभार मानण्याइतकं मन मोठं नाही त्याचं. अजून म्हणतो, "पी म्हनली तं पेतो, पन तू जेवताना तिकडं तोंड कर." ती करत नाही.

काही दिवसांनी डिंपल भेटायला आली. पेढे घेऊन. तिरोड्याच्या लोकांनी होकार दिला होता.

"त्यांनी इचारलं का माह्याबद्दल?" रुख्माबाईनं विचारलं.

"इचारलं ना. मुलाची आई म्हनली, आजी लग्नात समोर पाहिजे. तिले तू लय आवडली."

"आन् माह्या हाताबद्दल?"

"हाताबद्दल कोनीच काही नाही म्हनलं, आजी."

रुख्माबाईनं हातातला पेढा खाली ठेवला. मग म्हणाली, "मंग मले परत काऊन आनलं?"

डिंपलनं मान खाली घातली. लाज पाहुण्यांना वाटलीच नव्हती. ती एकट्या टेकचंदला वाटली होती, आणि तेवढी एका घराचं दार बंद व्हायला पुरली. नंतर त्याचा फोन आला, "माय, लग्नाले न्याले येतो." रुख्माबाई म्हणाली, "जेवाले बसवशीन तं येईन. दाखवाले नेशीन तं नाही." लग्न अजून व्हायचं आहे. तो येतो की नाही, पाहू.

आता माझं सांगतो आणि थांबतो. इतक्या वेळा इकडे-तिकडे वाकवल्यानं माझ्या मानेत बारीक भेग पडली आहे. अजून दिसत नाही, पण मला कळतं. आता पुन्हा कुणी लोकांच्या डोळ्यांसाठी मला उलटं वळवलं तर मी तुटेन, आणि तुटल्यावर माझा काही उपयोग नाही, ढालींशेजारी ठेवण्यापुरताही नाही. दोन कानांचा माझा भाऊ अजून त्या कपाटात कुलपात आहे. समोरच्या रांगेत एका आजीचे दोन्ही हात थरथरतात, रोज पाणी अंगावर सांडतं. कुणीतरी किल्ली आणा. आम्ही वापरून खराब होत नाही हो, आम्ही कुलपात ठेवल्यानं खराब होतो.

आणि तुमच्या घरात, तुमच्या ओळखीत असं कुणी सावकाश जेवणारं असेल, तर त्याचा हात कोणता ते पाहू नका, त्याच्या वतीनं तुम्ही घास उचलू नका आणि त्यानं मान वळवली म्हणून पोट भरलं असं धरून चालू नका. माझी एवढीच विनंती आहे. विनंती कसली, भांडणच समजा.

ही पाहा, प्रेमिला आली. सगळ्यांची ताटं झाली, आता हिच्या ताटाकडे हात येतोय. अजून थोडं वरण आहे, वांग्याची एक फोड आहे. उजवा हात ताटावर आहे, मी डाव्यात आहे.

थांबा. ताट उचलू नका. ती अजून जेवते आहे.